भिन्न कार्यान्वयन व्यवस्थांवरील असमकालिक कार्ये : ‘परम’ संगणकांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुतेक वेळा यंत्रांच्या वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणते यंत्र तयार झाले, ते एका सेकंदाला किती आकडेमोड करीत असे आणि जगातील यंत्रांच्या यादीत त्याचा क्रमांक कितवा होता, याची नोंद अशा लेखनात असते. मात्र कोणत्याही संगणकाचा बराच काळ प्रत्यक्ष आकडेमोडीत न जाता वाट पाहण्यात जातो. तबकडीवरून माहिती येण्याची, जाळ्यातून उत्तर मिळण्याची किंवा शेजारच्या प्रोसेसरचे काम संपण्याची वाट त्याला पाहावी लागते. या प्रतीक्षेच्या काळात प्रोसेसर रिकामा न ठेवता त्याला दुसरे काम देणे, हा प्रणाली-प्रोग्रामिंगमधील एक मूलभूत प्रश्न आहे. ज्या कामाचा आरंभ आणि शेवट यांच्यामध्ये अशी प्रतीक्षा येते आणि जे त्या काळात प्रोसेसर अडवून ठेवत नाही, त्यास असमकालिक कार्य असे म्हणतात.

असमकालिक कार्य स्वतःहून चालत नाही. ते कधी थांबवावे, कधी जागे करावे आणि कोणत्या प्रोसेसरवर पुढे न्यावे हे ठरविणारी एक यंत्रणा त्याच्या पाठीशी असावी लागते. तिला कार्यान्वयन व्यवस्था किंवा प्रचलित शब्दांत रनटाइम म्हणतात. एकच रनटाइम असेल तोवर प्रश्न सोपा असतो. दोन रनटाइम शेजारी आले आणि एकाच्या हाताखालील कार्याला दुसऱ्याच्या हाताखालील कार्याची गरज पडली, की खरी अडचण सुरू होते. हा प्रश्न अलीकडे ‘रस्ट’ या प्रोग्रामिंग भाषेच्या निमित्ताने विशेष चर्चिला गेला. तथापि त्याच स्वरूपाच्या प्रश्नाला महाराष्ट्रातील संगणकतज्ज्ञांना पुण्यात १९९० च्या दशकातच तोंड द्यावे लागले होते. प्रस्तुत लेखात या दोन्ही टप्प्यांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) असमकालिक कार्य आणि कार्यान्वयन व्यवस्था यांच्या संबंधाचा ऐतिहासिक विकास समजून घेणे.
२) पुणे येथील ‘परम’ मालिकेतील संगणकांमध्ये भिन्न प्रोसेसर व भिन्न व्यवस्था यांचा मेळ कसा घातला गेला, याचा अभ्यास करणे.
३) त्या अनुभवाच्या आधारे आजच्या भाषांमधील रनटाइमच्या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

मुंबईतील पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील संगणनाचा आरंभ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून होतो. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तेथे तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६४ मध्ये याच संस्थेत सीडीसी ३६०० हा त्या काळचा मोठा संगणक आला आणि त्याच्या जोडीला सीडीसी १६०-ए हा लहान संगणक होता. मोठे यंत्र महाग असल्याने त्याने केवळ गणित करावे आणि छिद्रपत्रिका वाचणे, टेप भरणे, छपाई करणे ही संथ कामे लहान यंत्राने उरकावीत, अशी त्या काळाची रीत होती.

वरवर पाहता ही केवळ श्रमविभागणी वाटते. प्रत्यक्षात असमकालिकतेची सर्व मूलतत्त्वे तिच्यात आढळतात. दोन यंत्रांची आज्ञावली वेगळी, वेग वेगळा आणि कामाचा क्रम ठरविण्याची पद्धतही वेगळी होती. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे दोघांनाही वाचता येईल अशा ठराविक रचनेची टेप. लहान यंत्राने टेप भरली की त्याचे काम संपले. मोठ्या यंत्राने ती केव्हा वाचावी हा सर्वस्वी मोठ्या यंत्राचा प्रश्न होता. मधल्या ठेवीची रचना दोघांना मान्य असेल, तर दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या अंतर्गत कारभाराची माहिती ठेवण्याची गरज पडत नाही. हे सूत्र पुढील साठ वर्षांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा प्रत्ययास येते.

‘परम ८०००’ आणि ट्रान्सप्युटर

१९८० च्या दशकात महासंगणकांची निर्यात हा अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा भाग बनला होता. भारताला असे यंत्र मिळविताना अटी आणि विलंब यांना सामोरे जावे लागले. या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, ही संस्था स्थापन झाली. १९९१ पर्यंत सेकंदाला १ अब्ज दशांश-क्रिया करणारे यंत्र तयार करावे, असे तिचे पहिले उद्दिष्ट होते. या कार्याचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे होते. अकोला जिल्ह्यातील मुरंबा हे त्यांचे जन्मगाव असून त्यांचे अभियांत्रिकी पदवीचे शिक्षण नागपूर येथे झाले. ‘परम ८०००’ हे यंत्र १९९१ मध्ये सिद्ध झाले.

एक अतिवेगवान प्रोसेसर मिळणे किंवा बनविणे शक्य नसल्यामुळे अनेक साधे प्रोसेसर एकत्र जोडण्याचा मार्ग पत्करण्यात आला. त्यासाठी ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर हा प्रोसेसर निवडला गेला. ही निवड प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. टी ८०० या ट्रान्सप्युटरमध्ये दोन वैशिष्ट्ये होती. पहिले असे की, कार्यांचे नियोजन करणारी यंत्रणा प्रोसेसरच्या आतच बसविलेली होती. चालण्यास तयार असलेल्या कार्यांची रांग स्वतः प्रोसेसर सांभाळीत असे आणि एका कार्यावरून दुसऱ्या कार्यावर जाण्यास अत्यल्प वेळ लागे. दुसरे असे की, प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे होते आणि या दुव्यांवरील माहितीची ने-आण मुख्य गणिताला न थांबविता स्वतंत्रपणे चालत असे.

ट्रान्सप्युटरबरोबर ‘ऑकम’ ही भाषा आली. तिचा पाया टोनी होअर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या, परस्परांशी संवाद करणाऱ्या क्रमिक प्रक्रियांच्या सिद्धान्तात आहे. ऑकममध्ये दोन कार्ये एका वाहिनीतून बोलतात. देणारा आणि घेणारा दोघेही तयार होईपर्यंत जो आधी पोहोचला तो थांबतो. येथे एक बारकावा ध्यानात घेणे आवश्यक आहे. थांबते ते कार्य. प्रोसेसर थांबत नाही. थांबलेले कार्य रांगेतून बाजूला काढले जाते आणि प्रोसेसर तत्काळ दुसरे कार्य हाती घेतो. म्हणजे लिहिणाऱ्याला संवाद समकालिक दिसतो, तर यंत्र मात्र असमकालिक पद्धतीने चालते. आजच्या भाषांमध्ये ‘अवेट’ या शब्दाने जे साधले जाते, त्याचे हे एक पूर्वरूप होय.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, वाहिनी एकाच ट्रान्सप्युटरच्या स्मृतीत असो वा दोन ट्रान्सप्युटरना जोडणाऱ्या तारेवर असो, कार्याच्या दृष्टीने तिचा अर्थ बदलत नसे. कार्य कोठे चालते आहे हे कार्याला ठाऊक असण्याची गरज नव्हती. यंत्राची रचना बदलली तरी कार्याचा मजकूर तोच राहू शकत होता.

दोन जातींचे प्रोसेसर : ‘परम ८६००’

ट्रान्सप्युटर संवादात निपुण असला तरी शुद्ध गणिताच्या वेगात तो लवकरच मागे पडला. इंटेल कंपनीने १९८९ मध्ये आणलेला आय ८६० हा प्रोसेसर दशांश-गणितात कितीतरी सरस होता. त्यामुळे ‘परम ८६००’ या पुढील यंत्रात प्रत्येक गणन-केंद्रामध्ये एक आय ८६० आणि चार ट्रान्सप्युटर अशी रचना करण्यात आली.

या जोडणीमुळे भिन्न व्यवस्थांचा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला. ट्रान्सप्युटरमध्ये कार्यांचा नियोजक जन्मजात होता. आय ८६० मध्ये असा नियोजक नव्हता. उलट, एक काम अर्ध्यावर सोडून दुसरे हाती घेणे हा आय ८६० चा कमकुवतपणा मानला जात असे, कारण त्याच्या गणन-नलिकांमधील अर्धवट अवस्था जपून ठेवणे खर्चिक होते. एका बाजूला हजारो लहान कार्यांमध्ये सहज वावरणारा प्रोसेसर आणि दुसऱ्या बाजूला एकच मोठे गणित अखंडपणे करण्यात पटाईत असलेला प्रोसेसर, असे हे दोन स्वभाव एकाच पेटीत नांदवायचे होते.

यावरील उपाय म्हणजे सी-डॅकने विकसित केलेली ‘पारस’ ही प्रोग्रामिंग व्यवस्था. ‘परम ८०००’ आणि ‘परम ८६००’ या दोन्ही यंत्रांवर हीच व्यवस्था उपलब्ध ठेवण्यात आली, त्यामुळे एकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर नेता येत असे. वैज्ञानिकाला आपल्या कार्याखाली कोणता प्रोसेसर आहे याची चिंता करण्याचे कारण उरले नाही; ती चिंता मधल्या थराने आपल्या अंगावर घेतली.

या निर्णयाचे महत्त्व पुढील घटनांमुळे अधिक स्पष्ट होते. इन्मॉस कंपनी १९८९ मध्येच एसजीएस-थॉमसन या कंपनीकडे गेली होती. टी ९००० या नव्या ट्रान्सप्युटरला फार विलंब झाला आणि दशकाच्या मध्यापर्यंत हे घराणेच अस्तंगत झाले. आय ८६० चे आयुष्यही दीर्घ ठरले नाही. ज्या दोन पायांवर यंत्र उभे होते, ते दोन्ही पाय काही वर्षांत निखळले. या अनुभवानंतर १९९४ मध्ये दाखविण्यात आलेल्या ‘परम ९०००’ ची रचना मुळातच अशी करण्यात आली की, प्रोसेसर बदलता यावा. त्याच्या सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि अल्फा या तीन भिन्न प्रोसेसरांवरील आवृत्त्या निघाल्या. १९९८ मधील ‘परम १००००’ मध्ये तर बाजारात मिळणारे सन कंपनीचे सर्व्हर जोडून महासंगणक उभारण्यात आला.

एमपीआय : मानकाचा उदय

प्रत्येक यंत्राला स्वतःची व्यवस्था आणि प्रत्येक व्यवस्थेला स्वतःची बोली, ही अडचण केवळ पुण्याची नव्हती. अमेरिका व युरोपातील प्रयोगशाळांतही तीच अवस्था होती. त्यातून १९८९ मध्ये अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेत ‘पीव्हीएम’ ही व्यवस्था सुरू झाली. तिच्या साहाय्याने वेगवेगळ्या बनावटीची यंत्रे एकाच कामात जुंपता येत. त्यानंतर १९९४ मध्ये संदेशवहनाचे ‘एमपीआय’ हे मानक प्रसिद्ध झाले. ते कोणत्याही एका कंपनीचे नव्हते. त्याने केवळ संवादाचे नियम ठरविले. ते नियम कसे पाळावेत हे प्रत्येक यंत्रनिर्मात्यावर सोडले.

एमपीआयमध्ये संदेश पाठविण्याचा एक प्रकार असा आहे की, पाठविण्याची विनंती नोंदवून कार्य लगेच पुढे जाते. त्याला एक पावती मिळते आणि पुढे केव्हातरी ती दाखवून काम पूर्ण झाले किंवा नाही हे विचारता येते. बँकेत धनादेश वटण्यासाठी टाकावा, पावती खिशात ठेवावी आणि दोन दिवसांनी चौकशी करावी, तसाच हा प्रकार आहे. मात्र अनेक अंमलबजावण्यांमध्ये असा अनुभव येतो की, कार्य एमपीआयच्या दारात पुन्हा जाईपर्यंत आतील काम फारसे सरकत नाही. पावती मिळाली म्हणजे काम चालू झाले, असे गृहीत धरता येत नाही. काम पुढे ढकलणारा कोण, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. नेमका हाच प्रश्न पंचवीस वर्षांनंतर रस्ट भाषेत पुन्हा उपस्थित झाला.

रस्ट : रनटाइम भाषेबाहेर

१९९९ च्या सुमारास आंतरजालावरील सर्व्हरपुढे एकाच वेळी दहा हजार ग्राहक सांभाळण्याचे आव्हान उभे राहिले. प्रत्येक ग्राहकासाठी एक स्वतंत्र थ्रेड देणे परवडणारे नव्हते. फ्रीबीएसडी, लिनक्स व विंडोज या कार्यप्रणालींनी यासाठी वेगवेगळ्या यंत्रणा पुरविल्या. २००९ मध्ये आलेल्या नोड आणि गो या दोन्ही व्यवस्थांनी रनटाइम आपल्या पोटातच ठेवला. गो भाषेतील वाहिन्यांवर होअर यांच्या सिद्धान्ताची छाप स्पष्ट दिसते. अशा भाषेत रनटाइम एकच असल्याने दोन रनटाइमच्या भांडणाचा प्रश्नच उद्भवत नाही.

रस्ट भाषेने वेगळा मार्ग धरला. आरंभीच्या काळात तिच्यातही हलक्या थ्रेडची अंतर्गत व्यवस्था होती. परंतु जी भाषा कार्यप्रणालीच्या गाभ्यात आणि लहानशा नियंत्रक चिपवरही चालावी अशी अपेक्षा होती, तिच्यावर एक जड रनटाइम लादणे योग्य ठरले नसते. म्हणून मे २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच ती व्यवस्था काढून टाकण्यात आली. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये असमकालिक कार्ये लिहिण्याची वाक्यरचना भाषेत आली. पण ती कार्ये चालविणारा मात्र भाषेत नव्हता. भाषेने केवळ एक करार दिला. या करारानुसार कार्य हे एक ‘फ्यूचर’ असते. त्याला कोणीतरी विचारल्याशिवाय ते हलत नाही. विचारल्यावर ते एक तर निकाल देते, किंवा अद्याप तयार नसल्याचे सांगते. तयार नसेल तर ते एक ‘वेकर’ जपून ठेवते आणि प्रतीक्षेचे कारण संपले की त्या वेकरद्वारे आपल्या चालकाला पुन्हा विचारण्याची सूचना मिळते.

चालक पुरविण्याचे काम ग्रंथालयांकडे गेले. २०१६ मध्ये सुरू झालेले ‘टोकिओ’ हे त्यांपैकी सर्वांत प्रचलित ठरले. २०१९ मध्ये ‘एसिंक-एसटीडी’ आले आणि ‘स्मोल’ हे आटोपशीर ग्रंथालयही पुढे आले. कार्याचा करार सर्वांचा सारखाच असल्याने कोणतेही कार्य कोणत्याही रनटाइमवर चालेल असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. त्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले कारण म्हणजे जाळे आणि घड्याळ. टोकिओचा जोड-बिंदू किंवा कालमापक हा टोकिओच्या घटना-निरीक्षकाकडे नोंदलेला असतो. तेच कार्य दुसऱ्या रनटाइमच्या हाती दिले, तर त्याला आपला निरीक्षक सापडत नाही आणि प्रोग्राम चालू असतानाच कोलमडतो. दुसरे कारण म्हणजे वाचन-लेखनाच्या करारातील भेद. बाइट वाचण्याचा टोकिओचा करार आणि इतर ग्रंथालयांचा करार यांची रचना वेगळी आहे. दोहोंमध्ये रूपांतर करणारा थर घालावा लागतो. तिसरे कारण म्हणजे नवीन कार्य सुरू करण्याची पद्धत. ग्रंथालयाच्या लेखकाने आत खोलवर एका विशिष्ट रनटाइमचे नाव घेऊन कार्य सुरू केले, की ते संपूर्ण ग्रंथालय त्या रनटाइमला बांधले जाते. चौथे कारण म्हणजे थ्रेडविषयीची अट. काही रनटाइम कार्याला एका थ्रेडवरून दुसऱ्यावर हलवितात, त्यामुळे कार्यातील माहिती तशी हलविण्याजोगी असावी लागते; एकाच थ्रेडवर चालणाऱ्या रनटाइमला ही अट लागू नसते.

याउलट, जी साधने केवळ वेकरवर विसंबून असतात ती कोणत्याही रनटाइमवर बिनदिक्कत चालतात. संदेश-वाहिनी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. एका थ्रेडवर टोकिओ आणि दुसऱ्या थ्रेडवर वेगळा रनटाइम चालू असला, तरी त्यांच्यामध्ये एक वाहिनी ठेवून विनंती एका बाजूने टाकता येते व उत्तर दुसऱ्या वाहिनीतून परत घेता येते. प्रत्येक बाजूचा वेकर आपल्याच चालकाला जागे करतो. दुसऱ्या बाजूला कोणता चालक आहे हे त्याला माहीत असण्याचे कारण नसते. ट्रान्सप्युटरच्या वाहिनीचे तत्त्व येथे नव्या वेषात परत आलेले दिसते. मात्र एका रनटाइमच्या कार्यामध्ये बसून दुसऱ्याच्या निकालासाठी अख्खा थ्रेड अडवून ठेवला, तर त्या थ्रेडवरील इतर सर्व कार्ये अडकून पडतात. वाहिनीने जोडणे आणि अडवून बसणे यांतील हा फरक व्यवहारात फार महत्त्वाचा आहे.

कुर्डुवाडीचा दाखला

भिन्न व्यवस्थांच्या सीमेवर काय किंमत मोजावी लागते, हे समजण्यासाठी लातूर परिसरातील रेल्वेचा इतिहास उपयुक्त ठरतो. बार्शी लाइट रेल्वे ही २ फूट ६ इंच रुंदीची अरुंदमापी रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली व १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. लातूरच्या आडत बाजाराच्या वाढीत या रेल्वेचा मोठा वाटा आहे. परंतु लातूरहून निघालेल्या मालाला मुंबईस जायचे असेल, तर कुर्डुवाडी येथे एका गाडीतून उतरवून रुंदमापी गाडीत चढवावे लागे. गाडी, रूळ आणि वेळापत्रक यांत दोष नव्हता. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी उत्तम चालत होत्या. हमाली, वेळ आणि नुकसान हा सर्व खर्च सीमेवरच होत असे. रनटाइममधील रूपांतर-थराचे स्थान नेमके हेच असते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत मिरज-लातूर मार्गाचे रुंदमापीकरण झाले. त्याचे मोल एप्रिल २०१६ मध्ये कळले. भीषण टंचाईच्या त्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराची तहान भागविण्यात आली. त्यासाठी लागणाऱ्या टाक्यांच्या वाघिणी राजस्थानातील कोटा येथून आल्या होत्या. रूळ जुन्याच मापाचे असते, तर या वाघिणी लातूरच्या स्थानकात येऊ शकल्या नसत्या. मानक एक असण्याचा लाभ रोजच्या व्यवहारात जाणवत नाही. संकटकाळी दूरची साधने कामी येतात, तेव्हा तो प्रकर्षाने जाणवतो.

प्रोग्रामचे आयुष्य आणि यंत्राचे आयुष्य

या साऱ्या चर्चेचा निलंगा, औसा किंवा देगलूर यांसारख्या भागाशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित होणे साहजिक आहे. येथील सोयाबीन व तूर पिकविणारा शेतकरी ज्या हवामान अंदाजाची वाट पाहतो, तो अंदाज महासंगणकांवरील गणितातून येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक आले. मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ या प्रारूपाची जाळी ६ किलोमीटरची आहे; त्यापूर्वीची जाळी १२ किलोमीटरची होती. तालुक्याच्या, किंबहुना गावांच्या समूहाच्या पातळीवर अंदाज देण्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

हवामान प्रारूपांचा मजकूर अनेक दशकांच्या श्रमातून घडलेला असतो, तर यंत्र पाच-सात वर्षांत बदलते. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर प्रोसेसर, प्रवेगक आणि कार्यान्वयन व्यवस्था बदलतात. २०१३ मध्ये पुण्यात कार्यान्वित झालेल्या ‘परम युवा-२’ मध्ये इंटेलचे झिऑन फाय हे सहप्रोसेसर होते. ते घराणेही पुढे कंपनीने बंद केले. अशा प्रारूपात गणित करणारी कार्ये आणि निकाल तबकडीवर लिहिणारी कार्ये वेगळी ठेवण्याची रीत आहे. गणित एका व्यवस्थेला आणि लेखन दुसऱ्या व्यवस्थेला जखडलेले असेल, तर प्रत्येक स्थलांतरात शास्त्रज्ञांची वर्षे खर्ची पडतात.

मोफत उपलब्ध असलेल्या ग्रंथालयांनाही हा नियम चुकलेला नाही. रस्टमधील एसिंक-एसटीडी या ग्रंथालयाचे काम २०२५ मध्ये थांबविण्यात आले आणि त्याच्या वापरकर्त्यांना स्मोलकडे वळण्याचा सल्ला देण्यात आला. ज्यांनी आपल्या कार्याचा गाभा रनटाइमपासून अलग ठेवला होता, त्यांना हे स्थलांतर सुलभ झाले. ज्यांच्या प्रत्येक ओळीत रनटाइमचे नाव होते, त्यांच्यापुढे पुनर्लेखनाखेरीज फारसा पर्याय उरला नाही. ट्रान्सप्युटर बंद पडण्याची घटना आणि ही घटना यांच्यात तीस वर्षांचे अंतर असले तरी कार्यकारणभाव एकच आहे.

ग्रामीण भागातील संगणकशास्त्राच्या अध्यापनाच्या दृष्टीनेही याचा विचार होणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याला एखादे विशिष्ट साधन शिकविले जाते. पण त्या साधनाखालील करार शिकविला जात नाही. साधन कालबाह्य झाले की विद्यार्थ्याचे ज्ञानही कालबाह्य ठरते. पुणे-बंगळूरमधील विद्यार्थ्याला नवे साधन सहज उपलब्ध होते. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक वेळी पुन्हा मुळापासून आरंभ करणे परवडत नाही. म्हणूनच रांग, वाहिनी, प्रतीक्षा आणि जागृती या चिरस्थायी संकल्पनांचे अध्यापन त्याच्यासाठी अधिक मोलाचे आहे.

निष्कर्ष

१) असमकालिक कार्य आणि त्याचा चालक यांची फारकत ही अलीकडची कल्पना नसून तिची बीजे १९६० च्या दशकातील मोठ्या-लहान यंत्रांच्या जोडीत आढळतात.

२) ‘परम ८०००’ ते ‘परम ९०००’ या प्रवासात भिन्न स्वभावाच्या प्रोसेसरांचा मेळ घालण्यासाठी समान प्रोग्रामिंग व्यवस्थेचा आणि पुढे बदलत्या प्रोसेसरांना सामावून घेणाऱ्या रचनेचा अवलंब करण्यात आला. प्रोसेसरांची घराणी बंद पडत असताना या धोरणामुळे कामात सातत्य राखणे शक्य झाले.

३) रनटाइम भाषेत ठेवल्यास एकसूत्रता मिळते, परंतु लवचीकता कमी होते, तो भाषेबाहेर ठेवल्यास लवचीकता मिळते, परंतु सीमेवरील खर्च वाढतो. रस्टने दुसरा पर्याय निवडला, मात्र वाचन, लेखन, कालमापन व कार्यारंभ यांचे करार समान न केल्याने हा खर्च ग्रंथालयांच्या लेखकांवर व वापरकर्त्यांवर पडला.

४) भिन्न रनटाइमवरील कार्यांना जोडण्याचा सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे संदेश-वाहिनी होय. एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हात घालण्यापेक्षा सीमेवरील देवाणघेवाणीचे नियम निश्चित करणे अधिक टिकाऊ ठरते.

५) यंत्र आणि रनटाइम यांचे आयुष्य अल्प असते, उपयुक्त प्रोग्रामचे आयुष्य दीर्घ असते. म्हणून सार्वजनिक पैशातून लिहिल्या जाणाऱ्या प्रोग्रामांमध्ये, विशेषतः हवामानासारख्या लोकोपयोगी क्षेत्रात, कार्याचा मजकूर आणि त्याचा चालक प्रथमपासूनच अलग ठेवणे गरजेचे आहे. जुन्या यंत्राची पेटी मोडीत निघाल्यानंतरही त्यावरील काम पुढे चालत राहिले पाहिजे, हेच अशा प्रयत्नांच्या यशाचे खरे गमक मानावे लागेल.